एकतिसाव्या नावानंतर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर टर उडवत आलोय. आता माझी उडवायची तर खुशाल उडवा. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे, आणि गोष्टीचा शेवट घडला तेव्हा मी स्वतः तिथे बसलो होतो.

अमावास्या नव्हती. मध्यरात्र नव्हती. नोव्हेंबरातला पहिला शनिवार, दुपारचे चार. चर्चच्या रिकाम्या बाकांवर छान ऊन पडलं होतं.

मावशी आमच्या चर्चची मुख्य गायिका. वर्षभरात गेलेल्या माणसांसाठी दर नोव्हेंबरात एक मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थनाविधी, होतो. त्यात मावशी मागच्या माळ्यावरून एकेका मृताचं नाव गाते. वाद्य नाही, ताल नाही. अख्खं नाव एकाच सुरावर, फक्त शेवटी एक पायरी खाली.

मग ती थांबते आणि सगळे उत्तर देतात, "प्रभू, विसावा दे."

ज्याच्या घरचं नाव, तो उठून वेदीपाशी मेणबत्ती लावतो. मग पुढचं नाव.

ही नावं दाराजवळच्या पेटीतून येतात. लोक चिठ्ठ्या टाकतात, मावशी त्या वहीत उतरवून घेते.

त्या वर्षी पेटीत बत्तीस चिठ्ठ्या होत्या.

वहीत एकतीसच नावं होती.

बत्तिसावी चिठ्ठी मावशीच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. अक्षर तिच्या सासूबाईंचं. नाव काकांचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं.

काका मालवाहू जहाजावर फिटर होते. फेब्रुवारीत जहाज बंदराला लागलं. सगळे उतरले, काका उतरले नाहीत. आदल्या रात्री जेवायला होते, सकाळी केबिन रिकामी. कंपनीच्या पत्रात 'बेपत्ता' असं लिहिलं होतं, आणि मावशीने तोच शब्द घट्ट धरून ठेवला होता.

सासूबाईंनी मात्र आशा सोडली होती.

"किती दिवस त्याला असं अधांतरी ठेवणार आहेस?" त्या म्हणायच्या. "कुणी प्रार्थना केली नाही तर माझं लेकरू अडकून राहील गं."

"आई, जिवंत माणसाचं नाव त्या यादीत जाणार नाही. माझ्या तोंडून तर नाहीच नाही."

तरी सासूबाईंनी गुपचूप चिठ्ठी टाकली. आणि मावशीने ती गुपचूप काढून घेतली. देवाच्या पेटीतून चोरी केल्यासारखं वाटलं, असं ती म्हणते. पण केली.

तर त्या शनिवारी माळ्यावर दोघंच होती. मावशी आणि मास्तर. मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, आमचा ऑर्गन तेच वाजवतात. नावांचे उच्चार चुकू नयेत म्हणून मिस्साच्या आदल्या दिवशी दोघं पूर्ण यादी एकदा म्हणून बघतात. उत्तर द्यायला कुणी नसतं, म्हणून उत्तराइतका वेळ मावशी गप्प राहते.

मास्तरांनी ऑर्गनवर एक सूर दिला आणि हात मांडीवर ठेवले.

पहिलं नाव. शांतता.

दुसरं नाव. शांतता.

असं बारापर्यंत गेलं. बारावं नाव गाऊन मावशी थांबली, आणि...

"प्रभू, विसावा दे."

तिच्या पाठीमागून. माळ्यावरच्या, गाणाऱ्या पुरुषांच्या बाकाकडून. खर्जात, अगदी हळू.

मावशीने वळून पाहिलं. बाकावर गाण्याच्या पुस्तकांचा गठ्ठा होता. दुसरं कुणी नव्हतं.

"मास्तर, तुम्ही गायलात?"

"मी? माझा घसा दोन दिवस बसलाय." मास्तरांचा आवाज खरंच फाटका येत होता. मग त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे तुम्हालाही ऐकू आलं?"

तो आवाज मावशीने ओळखला होता.

काका त्याच बाकाच्या टोकाला उभे राहायचे. आवाज झकास, पण उत्तराला कायम अर्धा श्वास उशीर. सगळ्यांचं 'दे' संपलं की यांचं एकट्याचं 'दे' यायचं. "तुमची बोट रोजच उशिरा कशी लागते हो?" असं मास्तर विचारायचे. सगळे हसायचे, आणि काका सगळ्यांत जास्त.

"पुढे गा," मास्तर म्हणाले. "थांबू नका."

तेरावं नाव. चौदावं. पुन्हा काहीच नाही.

एकतिसावं नाव संपलं. तिने वही मिटली.

आणि मागचा बाक करकरला... उभं राहताना करकरतो तसा.

"प्रभू, विसावा दे."

नाव गायलंच नव्हतं. तरी उत्तर आलं.

मास्तरांनी ऑर्गन बंद केला. झाकण लावलं.

"कुणाचं नाव राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. मी खाली बसलो होतो, शेजारी मावशीच्या सासूबाई. हातात मेणबत्ती धरून, नजर समोर. आपली चिठ्ठी पेटीत नाही हे त्या बिचारीला ठाऊकच नव्हतं.

वर मावशी गात होती. आज कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा सगळा ताफा, आजूबाजूला होता, त्यामुळे तिला धीर आला होता. नाव, उत्तर, मेणबत्ती. नाव, उत्तर, मेणबत्ती.

एकतिसावं नाव झालं. उत्तर आलं. तिने वही मिटली आणि ओठ गच्च आवळून घेतले. आजही मागून आवाज येणार, या भीतीने तिने श्वाससुद्धा रोखून धरला होता.

मागून काही आलं नाही.

पण खालून... अख्ख्या चर्चमधून...

"प्रभू, विसावा दे."

तीन-चारशे माणसं, एका सुरात. आणि मावशीने माळ्यावरून पाहिलं, सासूबाई उठल्या होत्या. मेणबत्ती सांभाळत, हळूहळू वेदीकडे चालल्या होत्या.

मिस्सा संपल्यावर त्यांनी मावशीला मिठी मारली. "गायलीस गं बाई. सुटला माझा लेक."

"आई, मी नाही गायले."

"अगं, स्पष्ट ऐकलं मी. तुझ्याच आवाजात."

मास्तरही तेच म्हणाले. कॉयरमधल्या बायका तेच म्हणाल्या. मावशीने पर्स उघडून पाहिली. चिठ्ठी होती तिथेच होती.

कॉयरमधल्या एका मुलीने सगळं फोनवर रेकॉर्ड केलं होतं. त्याच संध्याकाळी आम्ही ते ऐकलं. एकतिसावं नाव, उत्तर, वही मिटल्याचा आवाज. मग काहीच नाही... एखादं नाव गाऊन व्हावं, बरोबर तेवढा वेळ काहीच नाही. मग अख्खं चर्च.

आणि सगळ्यांचं संपल्यावर, अर्धा श्वास उशिरा, खर्जातलं एक 'दे'.

त्या रात्रीपासून सासूबाई शांत झोपू लागल्या. मावशी मात्र ते रेकॉर्डिंग रोज ऐकते. तिचं म्हणणं साधं आहे. नाव मेलेल्यांचं घेतात, उत्तर जिवंत माणसं देतात. तिने नाव घेतलं नाही, आणि त्याने उत्तर दिलं. म्हणजे तो आहे. कुठेतरी आहे. बाकीचे सगळे तिची समजूत घालायला नाव ऐकल्याचं सांगताहेत, एवढंच.

काकांचा पत्ता आजही लागलेला नाही.

त्या मिस्सानंतरच्या दिवसांत एकदा तिने माझा हात धरून विचारलं होतं, "तू तर कधी माझ्याशी खोटं बोलत नाहीस. तू ऐकलंस का रे नाव?"

"नाही," मी म्हणालो. "मी काहीच ऐकलं नाही."

तिचा चेहरा किती खुलला, काय सांगू. अजून ती वाट बघते, ती माझ्या त्या एका शब्दावर.

पण त्या दिवशी उत्तर मीही दिलं होतं. कारण काकांचं नाव मी ऐकलं होतं. मावशीच्या आवाजात. अख्खं नाव एकाच सुरावर... आणि शेवटी एक पायरी खाली.