ग्रहणाच्या दिवशीची सुई

"आज सुई नको म्हणजे नको!" केतकी मावशीनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

दारात भिंगरी उभी होती. भिंगरी म्हणजे आरोग्य केंद्राची यंत्रपरिचारिका. एका चाकावर गरकन फिरणारी, पोटात लशींचा थंडगार खण असलेली.

नऊ वर्षांच्या रेणूला कोडंच पडलं. मावशी उपग्रह बनवणारी इंजिनिअर, आणि एवढ्याशा सुईला घाबरते?

"अगं, आज ग्रहण आहे," मावशी ओशाळून म्हणाली. "ग्रहणात गरोदर बाईनं सुई हातात धरू नये म्हणतात. मला पटत नाही गं, पण पोटात बाळ असलं ना, की न पटलेलंही ऐकावंसं वाटतं."

"आणि गेल्या मंगळवारी सुई टाळलीत, तेव्हा कुठे ग्रहण होतं, केतकीताई?" भिंगरीनं विचारलं. "त्याच्या आधीच्या?"

मावशी हळूच म्हणाली, "लशीनं बाळाला काही झालं तर?"

अच्छा, खरी भीती ही होती तर!

"आणि नाहीच घेतली तर?" रेणूनं भिंगरीला विचारलं.

"तर जन्मल्यावर बाळाला डांग्या खोकला होण्याचा धोका. तान्ह्या बाळाला त्यात श्वासही धड घेता येत नाही. आणि त्याची स्वतःची लस ते दीड महिन्याचं झाल्यावरच."

"मग तोवर?"

"तोवर आईची शिदोरी." भिंगरीनं भिंतीवर चित्र उमटवलं. "या लशीत जिवंत जंतू नाहीत, त्यांचे निकामी केलेले अंश आहेत. मावशीचं शरीर ते ओळखून प्रतिपिंडं (जंतूंना पकडणारे पहारेकरी) तयार करतं. ती वारेतून (बाळाला आईशी जोडणाऱ्या अवयवातून) बाळाकडे जातात."

"म्हणजे सुई दंडात, पहारा पोटात!"

"अगदी! पण त्याला दोन आठवडे तरी लागतात. आणि आठवा महिना चालू आहे."

"खरं सांग, त्रास काय होईल?" मावशी उठून बसली.

"दंड दुखेल. एखादा दिवस कणकण येईल. बाळाचं म्हणाल, तर लाखो आयांनी ही लस घेतलीय. त्यांच्या बाळांवर डॉक्टरांनी बारीक लक्ष ठेवलं, अपाय दिसला नाही."

मावशीनं पोटावरून हात फिरवला. "साडेचारला ग्रहण सुटतंय. तेव्हा येशील? चिडणार नाहीस ना?"

"चिडू कशाला? दोन तासांनी काही बिघडत नाही. दोन महिने थांबलात तर मात्र बिघडेल."

साडेचारला मावशी आंघोळ करून, बाही वर सारून तयार. टुच्च!

"झालं?" तिनं एक डोळा उघडला.

"झालं!" रेणू खुदकन हसली. "मावशी, बाळ मोठं झालं की त्याला सांगू, तू किती घाबरली होतीस ते?"

"सांग की! आणि घाबरत घाबरत टोचून घेतलं, तेही सांग."