यशोदाबाईंच्या पिशवीतली लाल साल

मंगळवारी सकाळी यशोदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा हरिहर पानशांच्या ऑफिसात शरद दाते चहा पीत बसला होता. बाईंना पाहिलं मात्र, त्यानं कप खाली ठेवला.

ऑफिस म्हणजे काय, चिंचवड स्टेशनाजवळची एक खोली, एक टेबल आणि दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी. हरिभाऊंनी अठरा वर्षं एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत काढली होती. आता कुणाच्या स्टोअरमधून तांब्याची तार गेली, कुणाच्या गोदामातून बेअरिंगं गेली, की लोक त्यांच्याकडे येत. शरद एका कंपनीत असिस्टंट फोरमन. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तो सकाळी इथं येऊन बसायचा आणि आपण तपासाला मदत करतो अशा समजुतीत राहायचा. आज तो हरिभाऊंचा स्क्रूड्रायव्हर परत द्यायला आला होता, कालच नेलेला.

“अहो, ठेवायचा होतात की आठवडाभर,” हरिभाऊ आत्ताच म्हणाले होते.

“छे! दुसऱ्याची वस्तू घरात दिसली की मला चैन पडत नाही.”

आणि आता दारात यशोदाबाई.

“ह्ये हितं हाईत व्हय,” असं म्हणून त्या मागं वळल्या.

“थांबा बाई,” हरिभाऊ म्हणाले. “काम माझ्याकडे आहे ना? मग माझ्याकडे बघून बोला.”

खुर्ची दिली तरी त्या खालीच बसल्या. बसल्याबरोबर लुगड्याचा काठ ओढून पाय झाकून घेतले.

“मी चोर न्हाई,” त्या म्हणाल्या. “तेवढं शोधून काढा. त्या बिल्डिंगीत चार घरं व्हती माझी. रविवारपास्नं चारी सुटली. काळेवाडीत बोभाटा झालाय. घरात सून इचारती, आत्याबाई, खरं सांगा, खाल्लं का काय तुमी ते? आता बोला.”

“तुम्हाला चोर म्हणालं कोण?”

बाईंनी शरदकडे नुसतं पाहिलं. शरदच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“मी,” तो म्हणाला.

हरिभाऊंनी स्क्रूड्रायव्हर ड्रॉवरमध्ये टाकला. “मग पहिली जबानी तुमचीच, शरदराव.”

जबानी लांबलचक झाली, कारण शरदला आपल्या चीजची गोष्ट थोडक्यात सांगताच येत नसे. कंपनीनं त्याला तीन महिने हॉलंडला धाडलं होतं. येताना त्यानं चीज आणलं, चांगलं नारळाएवढं, बाहेरून लालभडक, गुळगुळीत. आठवडाभर तो लाल गोळा शोकेसमध्ये, बाहुली आणि घड्याळाच्या मध्ये बसला होता. बिल्डिंगमधलं प्रत्येक माणूस येऊन बघून गेलं. रविवारी सहाला साहेब आणि साहेबांच्या मिसेस येणार, शेजारीपाजारी येणार, आणि शरद सर्वांसमोर स्वतः चीज कापणार, असा बेत होता. चीज कसं कापतात, कशाबरोबर खातात, यावर आठवडाभर त्याची व्याख्यानं चालली होती.

“साहेब आले. सकाळीच चीज शोकेसमधून आत कपाटात ठेवलं होतं, ते आणायला गेलो, तर चीज नाही! मृदुला पांढरीफटक. बाई मागच्या मोरीत कप विसळत होत्या. दाराशी खुंटीवर त्यांची पिशवी, आणि पिशवीतून लाल टोक बाहेर आलेलं.”

“मग?”

शरदनं चहाच्या कपात बघितलं. “पिशवी बाहेरच्या खोलीत आणून उलटी केली. साहेबांसमोर.”

“काय काय पडलं?”

“मिश्रीची डबी. फणी. अर्धी भाकरी. आणि लाल सालीचे चार तुकडे.”

“चीज?”

“साल होती ना हरिभाऊ!”

“मी चीज म्हणतोय. आत नारळाएवढं होतं ना?”

हरिभाऊ बाईंकडे वळले. “साल कुठली?”

“कचऱ्यातली. तवाबी सांगितलं.”

“कशाला घेतलीत?”

यशोदाबाईंनी मान खाली घातली. काठ आणखी ओढला. “असंच.”

बघा, इथंच लपवतेय, असं शरदला वाटलं आणि क्षणभर बरंही वाटलं. बाई जायला उठल्या. पाठमोऱ्या जाताना त्यांच्या टाचा दिसल्या, भेगाळलेल्या, आणि भेगांत काहीतरी पांढरं भरलेलं. चुन्यात पाय पडला असेल, असं शरदनं ठरवलं. हरिभाऊ मात्र त्या टाचांकडे बाई रस्त्याला लागेपर्यंत बघत राहिले.

हरिभाऊ शरदबरोबर त्याच्या घरी गेले. शरदनं पुरावा म्हणून वर्तमानपत्रात बांधून ठेवलेली साल काढून दिली. हरिभाऊंनी तिच्यात नख रुतवलं, वास घेतला, कडा पाहिल्या.

“सुरीनं सरळ कापलीय. घाई नाही, ओरबाडणं नाही. शरदराव, ही साल तुम्ही कधी तोंडात घातलीय?”

“तिकडं कँटीनमध्ये कापलेलंच मिळायचं,” शरद पुटपुटला. व्याख्यानांत हे वाक्य कधी आलं नव्हतं.

मृदुलेला दोनच प्रश्न विचारावे लागले. तिसऱ्याआधी ती रडायला लागली.

“मीच कापलं ते. ह्यांनी शनिवारी बटाट्यावर तालीम केली होती. बटाटा सटकून पलंगाखाली गेला. म्हटलं, साहेबांसमोर असं झालं तर ह्यांचं हसं होईल. म्हणून साडेचारला गुपचूप साल काढून कचऱ्यात टाकली, चौकोनी तुकडे केले, डब्यात भरून ओट्यावर ठेवले. मग साडी बदलायला गेले. आले तर डबा नाही.”

“त्या वेळी हे का नाही बोललीस?” शरद ओरडला.

“तुम्ही पिशवी घेऊन बाहेर गेला होतात. आणि माझी छातीच झाली नाही. हात लावू नका, हात लावू नका, आठवडाभर तेच ऐकत होते मी. बोलायला हवं होतं. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या.”

आपली बायको आपल्याला घाबरते हे शरदला हरिभाऊंसमोर कळलं. कुठं बघावं ते त्याला समजेना.

“यशोदाबाई त्या वेळात बाहेर गेल्या होत्या?” हरिभाऊंनी विचारलं.

“नाही. चारपासून मोरीतच होत्या, कचरा भरायला तेवढ्या आत आल्या. मोरीला बाहेरचं दार नाही.”

“डबा कसला होता?”

“साधा. स्टीलचा.” तिनं नजर चुकवली.

हरिभाऊंनी फळीकडे पाहिलं. मोठ्यापासून लहानापर्यंत पाच डबे, मध्ये कुठं जागा रिकामी नाही. त्यांनी एक डबा खाली काढून झाकण पाहिलं. “नाव सुरेख कोरलंय.”

“आईनं लग्नात दिलेला संच आहे. पाचही तसेच ठेवलेत मी.”

“आणि शरदराव, साडेचार ते सहा तुम्ही?”

“चार खुर्च्या आणत होतो, शेजारच्या नीलिमावहिनींकडून. दोन खेपा झाल्या.”

निघताना मृदुलेनं दाराशी हळूच विचारलं, “स्टेशनजवळ भांड्यांवर नावं घालणारा असतो ना? कुठं बसतो हो तो?”

काय ही बायकोची वेळ! शरदला तिचा रागच आला. हरिभाऊंनी मात्र नीट पत्ता सांगितला.

वरच्या मजल्यावरच्या कुसुमताईंनी सगळं एका दमात सांगून टाकलं. “मी सोमवारी सकाळीच सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. एवढा मोठा लाल गोळा गेला म्हणजे काय! आज चीज, उद्या मंगळसूत्र.” चीज त्यांनी पाहिलं होतं ते शोकेसमध्येच.

नीलिमावहिनींकडे एरवी शरद गेला की काहीतरी हातावर पडायचंच. आज पाणीसुद्धा हरिभाऊंच्या पुढ्यात आलं, त्याच्या नाही.

“रविवारी आला नाहीत तुम्ही?” हरिभाऊ म्हणाले.

“डोकं दुखत होतं.”

“यशोदाबाईंना तुम्हीही काढलंत.”

त्यांचा चेहरा उतरला. “सगळ्यांनी काढलं. मी एकटीनं कसं ठेवायचं? चुकलंच माझं. तो लाल गोळा त्या खातील असं मला वाटत नाही.”

स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात, एक डबा उपडा घातला होता, आणि शेजारी चोळून चोळून पिळवटलेल्या लिंबाच्या साली. लोणच्याचा असेल, शरदला वाटलं. हरिभाऊ त्या खिडकीशी जरा जास्तच रेंगाळले.

“शरदराव,” जिन्यात ते म्हणाले, “एक वाजता सगळ्यांना तुमच्याकडे बोलवा. यशोदाबाईंना मी घेऊन येतो. आणि वहिनींना म्हणावं, खिडकीतला डबा घेऊन या.”

“म्हणजे चोर त्या?” शरदचे डोळे विस्फारले.

हरिभाऊंनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि ते जिना उतरू लागले.

एक वाजता बाहेरच्या खोलीत त्याच चार खुर्च्या पुन्हा आणून मांडल्या गेल्या. मृदुला, कुसुमताई आणि नीलिमावहिनी बसल्या. यशोदाबाई दाराशी उभ्या राहिल्या, रविवारी उभ्या होत्या त्याच फरशीवर.

“आधी साल,” हरिभाऊ म्हणाले. “ही साल खाण्याची नाहीच. हे मेण आहे. आत चीज सुकू नये म्हणून चढवलेलं. यशोदाबाई काळेवाडीहून रोज चालत येतात आणि चार घरच्या मोऱ्यांत पाय भिजवतात. त्यांच्या टाचांच्या भेगांत मेणबत्तीचं मेण भरलेलं मी सकाळी पाहिलं. कचऱ्यात मऊ मेण दिसलं, ते त्यांनी उचललं. बरोबर ना बाई?”

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. “एवढ्या लोकांत पायाच्या भेगा कशा सांगायच्या?”

मृदुलेनं त्यांच्या पायांकडे पाहिलं.

“आता डबा. चीज डब्यात होतं. बाईंच्या पिशवीत डबा निघाला नाही आणि त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मग गेला कोण घेऊन? मृदुलावहिनींचे पाचही डबे फळीवर आहेत. म्हणजे गेलेला डबा त्यांचा नव्हता. पण तो कुणाचा होता हे सांगायची त्यांना लाज वाटली. नवा डबा घेऊन त्यावर मालकिणीचं नाव घालून द्यायच्या विचारात होत्या त्या. वहिनी, झाकण दाखवता?”

नीलिमावहिनींनी झाकण पुढं केलं. ‘सौ. नीलिमा’ अशी अक्षरं होती.

मृदुला खाली बघत म्हणाली, “तिळाच्या वड्या दिल्या होत्या तुम्ही. आठ दिवस डबा परत करायचा राहिला. रविवारी दुसरा रिकामा नव्हता, म्हणून त्यातच भरलं.”

“आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत,” हरिभाऊ म्हणाले. “काहीतरी घालूनच द्यायचा. म्हणजे ओट्यावर शेजारणीच्या नावाचा डबा दिसला, उचलला तर आत काहीतरी लागलं, तर ज्याला दुसऱ्याची वस्तू घरात ठेवून चैन पडत नाही असा माणूस काय समजेल? की डबा भरून तयार आहे, फक्त पोचवायचा राहिलाय. आणि तो माणूस खुर्च्या आणायला तिकडंच निघाला असेल तर—”

“पण मी तर नुसता डबा परत केला!” शरद बोलून गेला.

मग त्याला स्वतःचं वाक्य ऐकू आलं.

त्याला सगळं आठवलं. पहिली खेप. वहिनी आत वेणी घालत होत्या. ‘वहिनी, तुमचा डबा ठेवलाय हो टेबलावर!’ अशी आपण हाक मारलेली. चांगलं वाटलं होतं तेव्हा, एक काम उरकलं म्हणून. त्यानं झाकण उघडलं नव्हतं. मृदुलेनं डबा म्हटल्यावरही त्याच्या डोक्यात तो लाल गोळाच होता.

“मी डबा उघडला,” नीलिमावहिनी म्हणाल्या, “तर आंबूस वासाचे पिवळे तुकडे. मला वाटलं, परदेशातून आल्यापासून आमच्या वड्या ह्यांना आवडत नाहीत, म्हणून विटलेलं काहीतरी घालून डबा परत केला. इतकं लागलं मला! ते लाल गोळ्यातलं असेल हे डोक्यातच आलं नाही. पेरूच्या झाडाखाली पुरून टाकलं सगळं. तोंडावर काय विचारणार, भावोजी?”

कुसुमताई खुर्चीत आक्रसून बसल्या होत्या.

“अठरा वर्षं मी गेटवर झडती घेतली,” हरिभाऊ हळू आवाजात म्हणाले. “कामगार सुटला की हात वर, डबा उघड. स्टाफ आला की सलाम. शरदराव, तुमची पिशवी कधी कुणी उघडली नाही. म्हणून पिशवीत मिश्रीची डबी आणि अर्धी भाकरी निघाली की माणसाला काय वाटतं, ते तुम्हाला ठाऊक नाही.”

शरद उठला. दाराशी गेला आणि यशोदाबाईंच्या पाया पडायला वाकला. त्या झटकन मागं सरल्या. पाय लुगड्यात ओढून घेतले.

“पायाला हात नगा लावू,” त्या म्हणाल्या. “माझी पिशवी सायबांसमोर उलटी केली तुमी. सायबांना बी कळाया पायजे.”

“सांगतो. आजच सांगतो.”

आणि त्यानं सांगितलं, खरंच. त्याच दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये, दोन सुपरवायझर बसलेले असताना. साहेब पोट धरून हसले. “अरे दाते, आपलं चीज आपणच पोचवलंस की! सोडून दे रे, एवढं काय त्यात.” बाईंचं नावसुद्धा त्यांना आठवत नव्हतं. शरदला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. हसणं ऐकून आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारही घरं परत सुरू झाली. कुसुमताई स्वतः काळेवाडीला जाऊन सुनेसमोर बोलून आल्या. मृदुलेनं टाचांसाठी मलम आणलं. बाईंनी ते घेतलं, लावलंही.

फक्त एक नवीन सुरू झालं. काम आटपलं की यशोदाबाई खुंटीवरची पिशवी काढतात, बाहेरच्या खोलीत शरदसमोर येतात आणि पिशवी फरशीवर उलटी करतात. मिश्रीची डबी, फणी, अर्धी भाकरी.

“अहो बाई, नका ना असं करू,” पहिल्या दिवशी तो कळवळून म्हणाला.

“असू द्या सायेब,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “बघून घेतलेलं बरं.”

मग एकेक वस्तू वेचून त्यांनी पिशवीत भरली. बाकीच्या तीन घरांत त्या असं करत नाहीत, हे शरदनं मृदुलेला विचारून घेतलं आहे.