बिननावाचा ब्रेकर

टेस्टरला एका गोष्टीची भयंकर चीड होती. घरातली लाइन सारखी उडते म्हणून लोक ब्रेकरच मोठा बसवून घ्यायचे. दहा अँपिअरचा उडतोय ना, मग वीसचा टाका, विषय संपला. "आणि भिंतीतली वायर काय तुमचा मामा येऊन जाड करणार आहे का?" असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचा. ब्रेकर राखण करतो ती वायरची, पंख्याची किंवा गिझरची नव्हे. बारीक वायरवर मोठा ब्रेकर बसवला की ब्रेकर शाबूत राहतो आणि भिंत पेटते, हे सांगून सांगून त्याच्या तोंडाला फेस आला होता. खिशाला कायम टेस्टर अडकवलेला असायचा, त्यावरून हे नाव पडलं. आता तर त्याची सख्खी बहीणही त्याला याच नावाने हाक मारायची.

तर ही गोष्ट त्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या घरातली. घर जुनं, तिसऱ्या मजल्यावरचं, कोपऱ्यातलं. ताईने ते घेतलं आईसाठी. लिफ्ट होती, दवाखाना समोरच होता आणि आतल्या खोलीत दिवसभर उजेड यायचा. आईची फुप्फुसं पार थकली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं भाड्याचं मशीन चोवीस तास चालू असे. घरघर करत राहायचं आणि मध्येच फुस्स करून श्वास सोडायचं. आईला हाक मारण्याइतका दम उरला नव्हता. काही हवं असलं की ती हातातल्या स्टीलच्या चमच्याने भिंतीवर वाजवायची. टक टक, जरा थांबून पुन्हा टक टक. ताई असेल तिथून धावत यायची.

मशीन बंद पडलं तर आईकडे किती वेळ आहे, हे डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि ताईने ते भावाला सांगितलं. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढला नाही. टेस्टरने फक्त पिशवी उचलली आणि घराचा सगळा बोर्ड बदलायला घेतला.

जुन्या बोर्डात चिनी मातीचे फ्यूज होते, धुराने काळे झालेले. त्याने एकेक वायर खरवडून जाडी पाहिली आणि तिला शोभेल असा ब्रेकर दिला. दिव्या-पंख्यांच्या बारीक वायरला लहान, स्वयंपाकघराच्या प्लगला त्याहून मोठा, गिझरला जाड वायर ओढून वेगळा. आईच्या मशीनला तर कुणाचा शेजारही नको म्हणून स्वतंत्र लाइन. सगळ्यांच्या वर लीकेज ब्रेकर.

"हा कशाला आणखी?" ताईने विचारलं.

"बाकीचे वायरसाठी. हा माणसासाठी. कुणाच्या अंगातून करंट जायला लागला की हा पापणी लवायच्या आत सगळं घर बंद करतो."

शेवटी एक वायर उरली. तिचा फ्यूज उघडला तेव्हा टेस्टर हसायलाच लागला. कुणीतरी त्यात करंगळीएवढी तांब्याची तार कोंबली होती. घर जळून खाक झालं असतं तरी तो फ्यूज गेला नसता. वर त्या लाइनचा खटका चालू ठेवून त्याला सुतळीने घट्ट बांधलं होतं. त्याने सुतळी कापली, खटका खाली केला आणि घरभर फिरून पाहिलं. काहीच बंद पडलं नव्हतं. वायर आईच्या पलंगामागच्या भिंतीत शिरत होती, पुढे कुठेच निघत नव्हती. त्याने तिच्या टोकाला टेप गुंडाळली. बाकीच्या सगळ्या ब्रेकरवर नावं चिकटवली आणि शेवटची जागा कोरी सोडली.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. "आई झोपत नाहीये रे. म्हणते, पलीकडचा पंखा बंद झाला."

"कुठला पलीकडचा?"

"तूच ये आणि विचार तिला."

पलंगामागची भिंत बाहेरची होती. टेस्टरने खिडकीतून अंग बाहेर काढून पाहिलं. पोपडे आलेलं प्लॅस्टर, एक पाइप, आणि खाली तीन मजले मोकळी हवा. आईने भिंतीकडे बोट केलं. "दिवसभर फिरायचा," ती एकेक शब्द मोजून म्हणाली. "सोबत होती. तू बंद केलास."

म्हातारं माणूस, त्यात डोक्याला ऑक्सिजन कमी. टेस्टरने वाद घातला नाही. वायर बारीक होती, तिला दहाचा ब्रेकर लावला आणि आईचं मन राखायला खटका वर केला. आतून आईचा आवाज आला, "हं. लागला."

तो हसला. हसता हसता सवयीने त्याने वायरीला मीटरचा चिमटा लावला, आणि मग त्याचं हसू गेलं. वायरीतून करंट वाहत होता. आकडा लहान, पण स्थिर. असले आकडे तो झोपेतही ओळखायचा. तो पंख्याचा होता.

त्याने शोधायचं ते सगळं शोधलं. वरच्या मजल्यावर जाऊन त्यांचा मेन बंद करायला लावला, खालच्यांचाही. आकडा हलला नाही. शेजारी म्हणाले, काय हो, वीजचोरी शोधताय का? तो म्हणाला, तसंच समजा. नंतरच्या दिवसांत तो काही ना काही निमित्त काढून येत राहिला आणि चिमटा लावून उभा राहू लागला. दुपारी आकडा चढायचा, इस्त्री लावल्यासारखा, आणि इस्त्री गरम झाल्यावर पडतो तसा पडायचा. दिवेलागणीला एक दिवा वाढायचा. नऊ इंची भिंतीत कुणाचा तरी संसार चालला होता. ताईला त्याने यातलं काही सांगितलं नाही. त्याला भीती वाटत होती, आणि भीती वाटते हे बहिणीला सांगायची लाज वाटत होती.

मग एका दुपारी ताईचा फोन आला. ती नुसती "ये, ये" म्हणत होती.

तो पोहोचला तेव्हा आईला ऑक्सिजनचा सिलिंडर लावलेला होता. तिचे ओठ निळे पडले होते. सगळ्या घराची वीज गेली होती. लीकेज ब्रेकर खाली पडला होता.

"मी गच्चीवर होते," ताई म्हणाली. "कपडे वाळत घालत होते. तिने किती वेळ चमचा वाजवला असेल, मला कळलंच नाही."

टेस्टरने एकेक ब्रेकर खाली करून वर केला. घरातल्या सगळ्या लाइनी साफ होत्या. कोरी जागा असलेला ब्रेकर वर केला की लीकेज ब्रेकर पुन्हा पडत होता. तिसऱ्यांदा वर केला तेव्हा मात्र राहिला, जणू काही झालंच नव्हतं.

"ओल असेल भिंतीत," तो म्हणाला.

आईने नाकावरची नळी सरकवली. "ओल नाही. तिला शॉक बसला. ओरडली ती."

"कोण, आई?"

आईने भिंतीकडे तोंड वळवलं.

"ती वायर आत्ताच्या आत्ता काढ," ताई बाहेर आल्यावर दातओठ खाऊन म्हणाली. "कसलं मन राखतोयस तिचं? जीव जात होता तिचा."

ते खरंच होतं. टेस्टरने वायर काढली, टेप लावली आणि घरी गेला. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

वायर काढल्यापासून आईची दशा झाली. ती खाईना. डोळ्याला डोळा लागेना. श्वास वरवर चालायचा, दवाखान्यातून डॉक्टर येऊन जायचे आणि जिन्यात थांबून म्हणायचे, "यांचा जीव कशात अडकलाय तेच कळत नाही." आई सारखी भिंतीकडे पाहायची. एकदा टेस्टर एकटाच जवळ बसला होता, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं.

"तिकडे अंधार करून ठेवलाय तुम्ही."

"तिकडे कुठे, आई?"

लहानपणी त्याने काही वेडगळ विचारलं की ती जशी पाहायची, तशीच तिने पाहिलं. "मला जायचंय ना तिकडे. अंधारात कशी जाऊ?"

त्याने तिचा हात गोधडीत ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला आनंद झाला होता. अंधार आहे म्हणून ती जात नाहीये. मग राहू दे की अंधार. वायर आपल्या हातात आहे, आपण ती जोडणार नाही आणि आई राहील. असा हिशेब त्याने केला, आणि पुढचे कित्येक दिवस तो आईला कुडीत अडकलेली बघत राहिला. तिच्या पाठीला जखमा झाल्या. ती चमचा वाजवायची आणि ताई गेली की काही मागायची नाही, नुसती बोर्डाकडे बघायची.

शेवटी ताईच म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "जोड ती वायर."

"तूच काढायला लावलीस."

"मीच सांगतेय, जोड."

आयुष्यात इतक्या निगुतीने त्याने कुठला ब्रेकर निवडला नव्हता. वायरीच्या जाडीला साजेसा दहाचा. तेवढ्याने भागणार नव्हतं. पलीकडे पुन्हा कुणाला शॉक बसला तर या घराचं मशीन थांबता कामा नये, आणि या घरात काही झालं तर तिकडचा दिवा जाता कामा नये. म्हणून त्या लाइनला तिचा स्वतःचा लीकेज ब्रेकर. कोण माणूस, कुठली खोली, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. स्क्रू घट्ट केले आणि खटका वर केला.

आतून आवाज आला नाही. तो जाऊन दारात उभा राहिला. आईच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. तिने चमचा स्टुलावर ठेवला. किती दिवसांनी तिने तो हातातून सोडला होता.

ताई चहा गाळून येईपर्यंत सगळं संपलं होतं. मशीन मात्र फुस्स, फुस्स करत राहिलं. ताईने ते बंद केलं तेव्हा कुठे ती रडली.

मशीनवाले येऊन मशीन घेऊन गेले. ताईला त्या घरात राहवेना, तिने घर भाड्याने द्यायचं ठरवलं आणि ती भावाच्या शेजारी राहायला आली. सामान हलवल्यावर टेस्टर मेन बंद करायला एकटाच गेला. रिकाम्या घरात त्याच्या चपलांचा आवाज घुमत होता. त्याने सगळे ब्रेकर खाली केले. कोऱ्या जागेचा तेवढा शेवटी ठेवला.

तो खाली करायच्या आधी, हात खटक्यावर असतानाच सवयीने त्याने चिमटा लावला.

पंखा होता. दिवा होता. आणि त्यावर आणखी एक भार होता, नवा. काही सेकंद सरळ चालायचा, मग किंचित चढायचा आणि उतरायचा. पुन्हा सरळ. पुन्हा चढ.

टेस्टरने चिमटा काढून पुन्हा लावला.

हा चढउतार त्याला तोंडपाठ होता. महिनोन्‌महिने त्याने आईच्या मशीनच्या लाइनवर चिमटा लावला होता. मशीन तर आदल्या दिवशीच टेंपोतून परत गेलं होतं.

म्हणजे तिकडेही आईला दम लागत होता.

त्याने चिमटा पिशवीत ठेवला. मग तिच्यातूनच सुतळी काढली आणि खटका वर ठेवून घट्ट बांधला. कोऱ्या जागेवर चिठ्ठी चिकटवली: बंद करू नये. कशाचा ब्रेकर, ते मात्र त्याला लिहवलं नाही. भाडेकरू आले तेव्हा त्याने त्यांनाही तेवढंच सांगितलं, फ्रीजसारखी चोवीस तास लागणारी लाइन आहे, हात लावू नका. ते बरं म्हणाले.

पावणेदोन महिन्यांनी भाडेकरूचा फोन आला. माणूस सज्जन होता, आधी त्याने वायरिंगचं भरपूर कौतुक केलं.

"तुमच्या त्या एका ब्रेकरला सुतळी बांधलेली होती बघा. घरात लहान मुलं, म्हणून कापून टाकली. बंदच केला तो. घरातलं काही बंद पडलं नाही, म्हणजे बिनकामाचाच होता."

टेस्टरच्या हातातली पक्कड खाली पडली. "कधी केलात बंद?"

"झाले की चार-पाच दिवस. पण फोन त्यासाठी नव्हता केला. आतल्या खोलीत त्या बाहेरच्या भिंतीत पाइप वाजतो बहुतेक. चमचा आपटल्यासारखा. टक टक, जरा थांबून पुन्हा टक टक. पहिल्या दिवशी तर झोपू देईना. प्लंबरला बोलवू, की तुम्ही येऊन बघाल?"

टेस्टरने फोन कानाशी धरूनच पिशवी उचलली.

"तशी घाई नाही म्हणा," भाडेकरू म्हणाला. "आता अगदी हळू येतो आवाज."