दादाच्या हातातली देवी

थेरॉन मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचा चेहरा देवीचा होता.

मी गच्चीवर मुखवटे वाळत घातले होते. वसंतातला अथेन्सचा वारा भारी वाह्यात. त्याने अथेनादेवीचा मुखवटा उचलला आणि थेट गल्लीत भिरकावला. मी धावत खाली गेले, तर एक उंच तरुण तो तोंडावर धरून उभा! आणि नाजूक आवाज काढून म्हणतो कसा, ‘‘मुली... देवीला असं गच्चीवरून ढकलतात का गं?’’

‘‘देवीची पावलं जरा जास्तच मोठी आहेत,’’ मी म्हणाले. ‘‘दे इकडे. खळ ओली आहे अजून, नाक चिकटेल.’’

चिकटलंच होतं. पांढऱ्या नाकाने तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी हसले. वर्षभरात पहिल्यांदा.

तो आमच्याच घरी निघाला होता. नाटकांचा देव दिओनिसस, त्याच्या उत्सवात नवी शोकांतिका होणार होती. देवीने वेडा केलेला एक सेनापती आपलीच जहाजं जाळतो, अशी. शेवटी अथेना आकाशातून उतरते. ती अथेना म्हणजे थेरॉन, आणि मुखवटे बनवणारे माझे बाबा. मापासाठी एकदा यायचं, तर तो पाचदा आला.

‘‘मुखवटा टोचतो, कान दुखतोय,’’ तो म्हणायचा.

‘‘काल डावा दुखत होता.’’

‘‘आज उजवा. मिर्टिस... मला उंचीची भीती वाटते गं. माणसं वर उचलायच्या त्या यारीला लटकलो की डोळे उघडतच नाहीत.’’

‘‘मग देवी कशाला झालास?’’

‘‘तेव्हा कुठे माहीत होतं देवीला लटकवतात ते!’’

मी हसायची, पण कान आतल्या खोलीकडे असायचे. आत फिलीनस असायचा, माझा दादा. लढाईवरून परतला तेव्हा धडधाकट दिसत होता. मग एका सकाळी भर मासळीबाजारात त्याला कोळी दिसेनात, शत्रू दिसू लागले. वल्हं उचलून तो त्यांच्यावर धावला. एका म्हाताऱ्याचा हात मोडला. भानावर आला तेव्हा त्याने शाल डोक्यावरून ओढून घेतली, ती वर्षभर काढली नव्हती. लोक आमच्या दारावरून जाताना आपल्याच छातीवर थुंकत, वेडाची बाधा होऊ नये म्हणून. माझं ठरलेलं लग्न तेव्हाच मोडलं होतं. थेरॉनला हे कळलं की त्याचेही कान दुखायचे थांबतील, हे मी धरूनच चालले होते.

सहाव्या दिवशी तो लंगडत आला. तालमीत दोर सुटून तो धाडकन पडला होता. मी पायाला तेल चोळत असताना आतून घोगरा आवाज आला, ‘‘गाठ कोणती मारली होती?’’

माझा हात थांबला. महिनाभरात दादा पहिल्यांदा बोलला होता.

थेरॉन सरळ आत गेला. दादा जहाजावर शिडांचे दोर सांभाळायचा. बराच वेळ दोघं गाठींबद्दल बोलत होते. बाहेर आला तेव्हा थेरॉनचा चेहरा गंभीर होता. ‘‘प्रयोगाला दोर फिलीनस धरणार.’’

‘‘तुला वेड लागलंय का?’’ बोलून गेले आणि जीभ चावली. मग त्याला ओढतच अंगणात नेलं. ‘‘मासळीबाजारातलं माहीत नाही तुला.’’

‘‘पहिल्याच दिवशी कळलं. तुमच्या गल्लीत सांगणाऱ्यांना काय तोटा?’’

‘‘तरीही तू... आलास?’’

‘‘कान दुखत होता ना,’’ तो म्हणाला, पण हसला नाही.

प्रयोगाचा दिवस उजाडला. टेकडीच्या पायऱ्यांवर हजारो प्रेक्षक. मी रंगमंचामागे मुखवटे घेऊन उभी. दादा शाल गुरफटून यारीपाशी. पुढे रंगमंचावर सेनापतीला वेडाचा झटका आला, तो ओरडला — आणि दादा नखशिखांत शहारला. तसाच ओरडला होता तोही, बाजारात.

‘‘दादा, दुसऱ्या कोणाला देऊ का दोर?’’

त्याने मान हलवली. हो की नाही, मला कळलं नाही.

तेवढ्यात खूण झाली. थेरॉन उचलला गेला... रंगमंचामागच्या छपरावरून पुढे गेला... अधांतरी तरंगत राहिला. पुढे सेनापती रडत होता, ‘‘मला तोंड दाखवायला जागा नाही!’’ दादाची पकड ढिली झाली. दोर वीतभर सरकला. टेकडीवरून ‘हाऽ’ असा आवाज उठला. मी पळत जाऊन दोर धरला. तळहात सोलले. वरचा माणूस पडला तर मी जगणार नाही, एवढंच मला कळत होतं.

आणि वरून देवी बोलली. आवाज कापत होता, पण शब्द स्वच्छ होते.

‘‘वेड मी धाडलं होतं. ते माझं होतं, याचं नाही. याने मान खाली घालू नये.’’

दादाने शाल मागे टाकली. दोन्ही पाय रोवले आणि दोर माझ्या हातातून काढून घेतला. ‘‘सर बाजूला, मिर्टे. तुला नाही जमायचं.’’ आणि त्याने थेरॉनला इतकं अलगद उतरवलं, की पिसाचासुद्धा आवाज जास्त झाला असता.

उत्सवातल्या स्पर्धेत आमच्या नाटकाला बक्षीस मिळालं नाही.

तीन दिवसांनी थेरॉन आला तो मापाचं निमित्त न करता. अंगणातल्या अंजिराखाली बसला, उठला, परत बसला.

‘‘आईला सांगितलं आपल्याबद्दल,’’ तो म्हणाला. ‘‘नाही म्हणते. म्हणते, वेड रक्तात असतं.’’

हीच भीती रोज माझ्या उशाशी असायची.

‘‘आणि खरंच असलं तर?’’ मी विचारलं. ‘‘दादाला पुन्हा झटका आला तर? उद्या एखाद्या लेकराला... असं काही झालं तर?’’

त्याने माझा सोललेला तळहात हातात घेऊन त्यावर हळूच फुंकर घातली.

‘‘तर ते आपलं लेकरू असेल, मिर्टिस.’’

माझ्या लक्षात आलं, अजून त्याने मला मागणी घातलीच नव्हती. मी हात काढून घेतला नाही.