येसाजीची तिसरी फेरी

महाडच्या वसाहतीत रंगाच्या एका बारक्या कारखान्यात येसाजी भट्टीवर होता. पांढरी आणि काळी अशा दोन भुकट्या खलात घोटायच्या, दाबून वडी पाडायची, बाराशे अंशांवर भाजायची. निवली की फोडून पुन्हा घोटायची, पुन्हा भाजायची. तीन फेऱ्यांनी निळा रंग उतरायचा.

"कण लई आळशी, बाय," तो प्रयोगशाळेतल्या निशिगंधाला सांगे. "शेजारी बसवल्याबिगर बोलत नायत. आन् एकदा बसवून भागत नाय, पंगत मोडून पुन्यांदा मांडायला लागते."

बायकोला, तुळजाबाईला, त्याने तुळशीवृंदावनात बसवायला निळी वडी कबूल केली होती. दुसरी फेरी झाली आणि माणूसच गेला. मागे उरली ती एकच वडी, काळ्या-निळ्या ठिपक्यांची, कडेला ओळखीसाठी उमटवलेल्या त्याच्या अंगठ्यासकट.

ती जुनी भट्टी सोमवारी भंगारात जाणार होती. म्हणून रविवारी सकाळी निशिगंधा एकटीच आली. वडी फोडायला तिने बत्ता उचलला, पण त्या अंगठ्यावर तो काही पडेना. शेवटी वडी तशीच मुशीत ठेवून तिने भट्टीचं दार लावलं. हे चुकतंय, हे तिलाही ठाऊक होतं.

दुपारी काटा बाराशेवर ठरला. कारखाना सुट्टीचा, पंखासुद्धा बंद. आणि घोटल्याचा आवाज आला... घर्रर... घर्रर... सावकाश, मधे दम खात. खल तर तिच्यासमोर टेबलावर कोरडा पडला होता. आवाज भट्टीच्या दारामागून येत होता.

"काका...?"

आवाज थांबला. मळलेल्या तंबाखूचा वास आला. कुणीही पळालं असतं; हिने स्टूल जवळ ओढलं.

"फोडवेना हो मला," ती हळूच म्हणाली.

घर्रर... पुन्हा सुरू झालं.

सोमवारी निवलेल्या भट्टीतून वडी निघाली ती सगळीकडून निळी. एक ठिपका नाही. अंगठाही होता, फक्त आता कडेला नाही, मधोमध.

पोलादपूरच्या वरच्या वाडीत नेऊन तिने ती तुळजाबाईच्या हातावर ठेवली. म्हातारीने त्या खळग्यात स्वतःचा अंगठा टेकवला. बराच वेळ काढला नाही.

"काय झालं, काकू?"

"काय नाय गो... अजून गरम हाय."

वडी वृंदावनात बसवली त्याला दोन हिवाळे झाले. खोटं वाटलं तर पहाटे जाऊन बघा. तुळशीच्या पानापानावर, कट्ट्यावर दव साचलेलं असतं. त्या खळग्यात मात्र थेंब नाही.