बेचाळीस अंशांची ऊब

"शोधनिबंधावर जी-युआनचं नाव जाईल," एवढं बोलून बाबांनी जेवणाच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या, आणि पी-युनने हातातला भाताचा वाडगा खाली ठेवला...

काओशुंगच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळघरात तिने चार वर्षं काढली होती. उंदरांना गुंगी देऊन, त्यांचं अंग बेचाळीस अंशांपर्यंत तापवून, पंधरा मिनिटं ती घड्याळाकडे बघत बसे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आतड्याला छिद्र पाडलं, की पोटात सगळीकडे विष पसरे. न तापवलेले बहुतेक मरत. तापवलेल्यांतले कितीतरी जगत! ती चौदा वर्षांची असताना आई आतडं फुटूनच गेली होती. त्या वेदनेतूनच तर हे सारं उगवलं होतं.

पण धाकट्या भावाचे, जी-युआनचे, प्रयोग फसले होते, त्याची नोकरी जायच्या बेतात होती, बायकोला सातवा महिना होता. बाबांनी समजावलं, की तू आज ना उद्या परक्या घरी जाणार, त्साय घराण्याचं नाव त्यालाच पुढे न्यायचंय. जी-युआन मान खाली घालून माशातले काटे काढत राहिला. पी-युनने प्रयोगांच्या वह्या आणून त्याच्यापुढे ठेवल्या.

परक्या घरी ती कधी गेलीच नाही. परिचारिकांच्या शाळेत शिकवत, बाबांची पथ्यं सांभाळत तिची बावीस वर्षं सरली. जी-युआन प्राध्यापक झाला. येणाऱ्याजाणाऱ्याला बाबा त्याच्या शोधाची कथा सांगत, आणि चहा ओतताना ती मुकाट्याने ऐके. आपला त्याग बाबांना ठाऊक आहे, या एकाच विश्वासावर तिचं व्याकूळ मन तग धरून होतं.

मग एक दिवस बाबांचंच आतडं फुटलं. शस्त्रक्रिया झाली, तरी विष अंगभर भिनलं होतं. शुद्ध आली तेव्हा त्यांनी मुलाचा हात धरला.

"तुझ्या उंदरांना देतोस ना... तशी ऊब मला दे."

जी-युआनने बहिणीकडे पाहिलं.

"बाबा, ती ऊब आधी द्यावी लागते," पी-युन हळूच म्हणाली. "आता नाही उपयोग व्हायचा."

"हिला काय कळतंय त्यातलं?" बाबा कण्हले.

"तिलाच कळतं, बाबा. शोध तिचाच आहे. तुम्हीच नाही का मला द्यायला लावलात?" जी-युआन म्हणाला.

म्हातारे डोळे कितीतरी वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिले. मग ते भरून आले.

"पोरी... मी विसरूनच गेलो होतो गं."

तिने त्यांचे डोळे पुसले, कपाळावरून हात फिरवला. पण तिच्या अंतरात काहीतरी कायमचं विझलं. जे उरी कवटाळून ती इतकी वर्षं जगली, ते त्यांच्या स्मरणातसुद्धा नव्हतं! तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

क्रियाकर्म आटोपल्यावर जी-युआन स्वयंपाकघराच्या दाराशी आला. सांगू लागला, की निबंध छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहून खरं काय ते कळवावं म्हणतो. अर्थात ताईची इच्छा असेल तरच... एवढ्या वर्षांनी लोक काय म्हणतील, तेही बघायला हवं.

तो 'नको' ऐकायला आला होता. ते त्याच्या डोळ्यांत तिला स्वच्छ दिसलं, आणि 'नको' म्हणण्याची सवय तिच्या ओठांवर तयारही होती.

"लिही," पी-युन म्हणाली.

त्याने दचकून वर पाहिलं. तिने खुर्ची ओढली, कागद आणून टेबलावर ठेवला, आणि तो पहिली ओळ लिहीपर्यंत तिथून हलली नाही.