चिठ्ठी सरांच्या हातात

“ही चिठ्ठी सरांच्या हातात द्या, बाई. दुसऱ्या कुणाच्या नाही. डोकं दुखो वा न दुखो, तीन आठवडे मुलीचं पाऊल मैदानात पडता कामा नये.”

डॉक्टर कर्णिकांनी आपलेच शब्द पुन्हा म्हणून दाखवले आणि चष्मा काढून डोळे चोळले. मुलुंडच्या त्या छोट्या दवाखान्यातले दुपारचे पेशंट नुकतेच संपले होते.

“मग आई काय म्हणाली?” क्षमा प्रधानने विचारलं.

“‘देते,’ म्हणाली. चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. सर्वपित्री अमावास्येची संध्याकाळ होती.”

“पण मुलगी तर ठणठणीत होती म्हणे,” जयवंत म्हणाला. गिरणी सुटल्यापासून तो क्षमाच्या हाताखाली होता. खासगी गुप्तहेराने खून-दरोडेच शोधायचे, ही त्याची समजूत अजून गेली नव्हती.

“तेच तर. सरावात डोक्यावर डोकं आपटलं. वरून टेंगूळही नाही, पण आत मेंदू हादरलेला असतो. तो सावरायच्या आत दुसरा मार बसला, तर...” डॉक्टरांनी वाक्य सोडून दिलं.

दुसरा मार नवरात्राच्या पाचव्या माळेला बसला होता. आंतरशालेय कबड्डीची अंतिम लढत. दहावीतली चंपा चढाईत पकडली गेली, आपटली, उठलीच नाही. दोन दिवसांनी शुद्धीवर आली. पण गेल्या आठवड्यातलं तिला काही आठवत नव्हतं.

आज आठवी माळ. सकाळीच शाळेचे पी.टी.चे मार्तंड सर क्षमाकडे आले होते. रात्ररात्र झोप नसल्याचं तोंडावर दिसत होतं.

“ढालीसाठी मी चिठ्ठी दाबली म्हणतात. मला ती मिळालीच नाही हो. आज पाच वाजता कमिटी बसतेय. नोकरी जाईल, जाऊ दे. पण दुखावलेली पोर मी मैदानात उतरवली, हे कपाळावर घेऊन जगू कसा?”

चंपाच्या आईने, सुगंधाने, कमिटीला लिहून दिलं होतं : पहिल्या माळेला सकाळी मी स्वतः शाळेत जाऊन चिठ्ठी शिपायाकडे दिली.

शिपाई लवू नाहूरच्या शाळेच्या फाटकात स्टुलावर बसला होता.

“मी कित्याक खोटा सांगू, बाई? त्या दिवशी सकाळभर मी हयच होतो. कोणीच येवक नाय.”

“सरांना वाचवायला बोलतोस ना रे?” जयवंतने दरडावलं.

“सर माका रोज शिव्या घालतत. त्यांका वाचवतलंय कित्याक?”

क्षमा थकल्यासारखी हसली. “चल जयवंत. चार वाजत आले.”

सुगंधा शाळेमागच्या चाळीत राहायची. नवरा संपानंतर गावी शेतीवर गेला, तो तिकडेच राहिला होता. घरात मायलेकी दोघीच. नवरात्राच्या उपासाने तिचा चेहरा ओढला होता, नऊ दिवस वहाणाही सोडल्या होत्या. कोपऱ्यात पाटावर लाल कापड, त्यावर पत्रावळीत माती आणि मातीत घट. भोवती धान्य बोटभर उगवलं होतं. शेजारी अखंड दिवा.

जयवंत फळीवरची चंपाची प्रशस्तिपत्रं चाळत होता. “सगळ्यांवर कुंकवाचं बोट?”

“घरात कागद आला की आधी देवीपुढे ठेवते. मग पुढचं.”

“लाईटबिलसुद्धा?”

“तेसुद्धा. देवी काय फाडून टाकते थोडीच?”

क्षमाने दिव्याकडे पाहिलं. “तुम्ही हॉस्पिटलात जाता, तेव्हा याच्यापाशी कोण बसतं?”

“शेजारची विमला. आता कामावर गेलीय. चंपा पडली तेव्हापासून तिला सांगते. त्याआधी घट बसल्यापासून मी उंबरा ओलांडला नव्हता. दिवा एकटा ठेवायचा नसतो ना.”

“निघू या ताई,” जयवंत म्हणाला. “इथे काय मिळणार?”

“बस जरा.” क्षमा स्वतःही जमिनीवर बसली. आवाज तिने खालीच ठेवला. “सुगंधाबाई, उंबरा ओलांडला नव्हता, तर पहिल्या माळेला शाळेत कोण गेलं?”

सुगंधाने दिव्याची वात पुढे सारली.

“लवू खरं बोलतोय. तुम्ही गेलाच नाहीत. अमावास्येच्या संध्याकाळी चिठ्ठी घरी आली. या घरातला प्रत्येक कागद आधी देवीपुढे जातो. तुम्ही ती पाटावर, कापडाखाली ठेवलीत. पहाटे घाईत त्यावर पत्रावळ मांडलीत, घट बसवलात. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवायचा नाही. चिठ्ठी अजून तिथेच आहे.”

जयवंतने पाटाकडे पाहिलं आणि नकळत हात जोडले.

“दुपारी ध्यानात आलं,” सुगंधा पुटपुटली. “म्हटलं, दसऱ्याला देऊ. पोरगी म्हणायची, आये, काय दुखत नाय. आणि देवीच चिठ्ठीवर बसलीय, म्हणजे तिनेच पोर सांभाळायला घेतली, असं वाटलं. मॅच आहे हे मला चंपाने सांगितलंच नाही. ती पडल्यावर... आईनेच केलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून लिहून दिलं.”

“सरांचं नाव गेलं त्यात.”

“आणि सर रोज येऊन बसतात चंपाच्या उशाशी.” ती रडली नाही. रडण्याइतकं अंगात उरलं नव्हतं.

“घटाला मी हात लावणार नाही. लावा, असंही सांगणार नाही,” क्षमा म्हणाली. “कमिटीपुढे नुसतं तोंडाने सांगितलंत तरी पुरे.”

सुगंधाने दिव्यात तेल घातलं.

“नाही. हातात देते, असं म्हटलं होतं मी.”

तिने पाटावर डोकं टेकलं, काहीतरी पुटपुटली आणि दोन्ही हातांनी घटासकट पत्रावळ अलगद उचलून बाजूला ठेवली. कापडाखालून ओली, पिवळी पडलेली घडी निघाली. शाई पसरली होती. कोपऱ्यावर कुंकवाचं बोट होतं.

“भाऊ, विमला येईपर्यंत दिव्यापाशी बसाल? तेल संपू देऊ नका.”

“बसतो ना, वहिनी,” जयवंत घाईघाईने मांडी घालत म्हणाला.

पदराच्या टोकात चिठ्ठी धरून ती तापलेल्या रस्त्याने अनवाणीच शाळेकडे निघाली.